वायफाय-ब्लूटूथ कॉम्बो चिपचा पॉवर-अप: कोड ड्रायव्हरमध्ये टाकायचा की बाहेर?

प्रश्न थोडक्यात असा होता: लिनक्सवाल्या बोर्डवर वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिपमध्ये आहे, ब्रॉडकॉमच्या घराण्यातली चिप, वायफाय एसडीआयओवर आणि ब्लूटूथ यूएआरटीवर (चिपला प्रोसेसरशी जोडायच्या दोन वेगळ्या पद्धती). पहिल्यांदा सप्लाय दिला की सगळं मस्त चालतं, पण रीबूट मारला की पाचातून दोनदा वायफाय येतच नाही, लॉगमध्ये माइनस ११० (टाइमआउटचा एरर कोड) दिसतं, आणि वायफाय बंद केलं की कधीकधी ब्लूटूथपण सोबत जातं. आणि पुढे विचारलंयस की पॉवर-अपचा कोड वायफाय ड्रायव्हरच्या प्रोबमध्ये (ड्रायव्हर डिव्हाइसला जोडला जाताना चालणारं फंक्शन) टाकू, बूटलोडरमध्ये (कर्नलच्या आधी चालणारा प्रोग्राम) टाकू की स्टार्टअप स्क्रिप्टमधून जीपीआयओ (सॉफ्टवेअरने वर-खाली करायची पिन) हलवू.

तिन्ही नको. कारण सांगतो, जरा लांबेल, चहा घेऊन बस.

प्रोबमध्ये टाकायची कल्पना सगळ्यांनाच पहिल्यांदा सुचते, मलापण सुचली होती. पण एसडीआयओवर प्रोब कधी चालतो? होस्टने (प्रोसेसरच्या बाजूच्या कंट्रोलरने) बसवर, म्हणजे जोडणाऱ्या वायरींवर, विचारणा केली, कार्डाने, म्हणजे चिपने, उत्तर दिलं, कार्डाचा व्हेंडर आयडी आणि डिव्हाइस आयडी वाचला, मग कर्नल त्या आयडीशी जुळणारा ड्रायव्हर शोधतो आणि मग प्रोब. म्हणजे चिप आधीच जागी असल्याशिवाय तुझा कोड चालणारच नाही, आणि तुझा कोड चालल्याशिवाय चिप जागी होणार नाही. कुलुपाची किल्ली आतल्या खोलीत ठेवून बाहेरून दार लावल्यासारखं झालं हे. यूएसबी आणि पीसीआयलासुद्धा हेच लागू आहे, ज्या ज्या बसवर डिव्हाइस स्वतःची ओळख स्वतः सांगतो तिथे पॉवर-अप हे ड्रायव्हरच्या आधीचं काम असतं. आयटूसी किंवा एसपीआयवरचा सेन्सर असता तर प्रोबमध्ये रेग्युलेटर (सप्लाय देणारा भाग) चालू करणं एकदम बरोबर होतं, कारण तिथे डिव्हाइस आहे हे डिव्हाइस ट्रीच (बोर्डवर काय काय आहे ते कर्नलला सांगणारी फाइल) सांगतं. गोंधळ इथूनच होतो, लोक सेन्सरचा ड्रायव्हर लिहून आलेले असतात आणि तीच सवय वायफायला लावतात.

बूटलोडरमधून चालू करून ठेवलं तर पहिल्या बूटला चालेल. पण कर्नल वर आला की ज्या क्लॉकचा कोणी मालक नाही ते क्लॉक तो बूटच्या शेवटी बंद करतो, आणि ज्या रेग्युलेटरचा मालक नाही त्यांचं पण तेच, फक्त तिथे तो ३० सेकंद थांबतो. त्यामुळे "बूट झाल्यावर अर्धा मिनिट वायफाय चालतं मग मरतं" अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी लॉग बघायच्या आधीच विचारतो, डिव्हाइस ट्रीमध्ये त्या रेलचा (सप्लायच्या लाइनचा) ग्राहक कोण लिहिलाय? उत्तर बहुतेक वेळा "ऑलवेज-ऑन लावू का मग?" असंच येतं. लाव, पण मग सस्पेंडमध्ये बॅटरी का खाते हे मला विचारू नकोस. स्क्रिप्टमधून जीपीआयओ हलवणं तर सोडूनच दे, सस्पेंड-रिझ्यूमच्या वेळी यूजरस्पेस गोठवलेलं असतं, तिथे तुझी स्क्रिप्ट कोण चालवणार.

आता चिपच्या बाजूने बघू. तुझ्या चिपचं नाव तू लिहिलं नाहीयेस म्हणून मी ४३४३८ धरतो, रासबेरी पाय ३ वर आहे तीच, वागायला घराणं सारखंच आहे. ही मूळची ब्रॉडकॉमची, २०१६ मध्ये तो धंदा सायप्रेसकडे गेला आणि २०२० मध्ये सायप्रेसच इन्फिनियनकडे गेली, त्यामुळे डेटाशीट शोधताना तिन्ही नावं टाकून शोध. त्यात पॉवर-अप सिक्वेन्सचं एक छोटंसं प्रकरण आहे, जे हार्डवेअरवाले एकदा वाचतात आणि सॉफ्टवेअरवाले कधीच वाचत नाहीत. त्यात लिहिलंय की व्हीबॅट (चिपचा मुख्य सप्लाय) हे व्हीडीडीआयओच्या (पिनांच्या सप्लायच्या) आधी किंवा बरोबर वर आलं पाहिजे, व्हीडीडीआयओ आधी येऊन उभं राहायला नको. दोन्ही रेल ९० टक्क्यांवर पोचल्या की डब्ल्यूएल-रेग-ऑन ही वायफाय चालू करायची लाइन ३२.७६८ किलोहर्ट्झच्या स्लीप क्लॉकच्या किमान दोन सायकल लो राहिली पाहिजे, म्हणजे साधारण ६१ मायक्रोसेकंद. मग ती हाय करायची आणि आतल्या रेल उभ्या राहिल्यावर एसडीआयओला हात लावायच्या आधी किमान १५० मिलिसेकंद थांबायचं.

आणि अजून एक वाक्य आहे जे मी प्रत्येक नवीन माणसाला मोठ्याने वाचायला लावतो. डब्ल्यूएल-रेग-ऑन आणि बीटी-रेग-ऑन (ब्लूटूथची तशीच लाइन) दोन्ही लो केल्यावर पुन्हा वर करायच्या आधी किमान १० मिलिसेकंद जाऊ द्यायचे, कारण आतल्या बक रेग्युलेटरला डिस्चार्ज व्हायला वेळ लागतो, नाहीतर पुढच्या स्टार्टला व्हीडीडीआयओवर ३६ मिलिअँपच्या घरात इनरश (चालू होतानाचा करंटचा झटका) येऊ शकतो. बघ, चिपचा अर्धा नियम चालू करण्याबद्दल नाहीचे, बंद करण्याबद्दल आहे. माझं सगळं म्हणणं याच्याभोवतीच फिरतं: पॉवर-अप सिक्वेन्स लिहायला बसलास तर आधी पॉवर-डाऊन लिही. चालू करणं सगळ्यांना जमतं कारण सकाळी बोर्ड रिकामं असतं, सगळ्या रेल शून्यावर असतात, काहीही कर चालतं. खरी परीक्षा बंद करून लगेच चालू करण्यात असते, आणि रीबूट म्हणजे तेच.

तुझ्या रीबूटच्या केसमध्ये काय होतंय याचा माझा अंदाज. रीबूट मारला की एसओसी (मुख्य प्रोसेसर) रीसेट होतो, त्याचे जीपीआयओ इनपुट होतात, म्हणजे डब्ल्यूएल-रेग-ऑनला कोणी धरून ठेवत नाही. चिपच्या आत त्या पिनवर २०० किलोओहमचा पुलडाऊन (लाइन खाली ओढणारा रेझिस्टर) आहे, त्यामुळे लाइन खाली जायला हवी. पण कोणीतरी शहाण्याने बोर्डवर बाहेरून पुलअप टाकला असेल, किंवा लाइन लेव्हल शिफ्टरमधून जात असेल, तर ती हायच राहते. व्हीबॅट तर गेलेलंच नाही, रीबूटमध्ये बोर्डाचा सप्लाय जात नाही. म्हणजे चिप जुन्याच अवस्थेत आहे, फर्मवेअर आत चालू आहे, बस चार बिटांवर वेगात चालू होती, आणि इकडे होस्ट नव्याने ४०० किलोहर्ट्झवर "कोण आहे रे तिकडे" म्हणून विचारतोय. उत्तर येत नाही किंवा अर्धवट येतं, टाइमआउट, माइनस ११०. पाचातून दोनदाच का, तर रीबूटच्या क्षणी चिप काय करत होती त्यावर अवलंबून. माइनस ८४ असतं तर मी सीआरसी (वाटेत डेटा बिघडल्याची खूण) म्हणून सिग्नलकडे, ट्रेसकडे बोट दाखवलं असतं. ११० म्हणजे समोर कोणी बोलतच नाहीये.

असाच एक बोर्ड माझ्याकडे होता, तो किस्सा सांगतो कारण त्यात तीन दिवस गेले. आमच्या ड्रायव्हरने बंद करताना सगळं नीट केलं होतं, दोन्ही लाइन लो, मग रेल बंद, स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) जीपीआयओ एकदम आखीव. तरी दुसऱ्यांदा चालू केलं की ब्लूटूथ फर्मवेअर घ्यायला नकार द्यायचं. सहकारी म्हणाला डिले वाढव. १० चे ५० केले, ५० चे २००, काही फरक नाही, मग मी वैतागून २ सेकंद टाकले, तरी नाही. शेवटी स्कोपचा चौथा प्रोब (मोजायची वायर) रिकामा होता म्हणून सहज व्हीडीडीआयओवर लावला, आणि बघतो तर रेल बंद असताना तिथे साधारण एक व्होल्ट बसलाय! शून्य नाही. कुठून येतो? यूएआरटी. एसओसीची टीएक्स (पाठवायची) लाइन निवांत असताना हाय असते, यूएआरटीचा आयडल म्हणजे हायच, आणि ती हाय लाइन बंद पडलेल्या चिपच्या पिनमध्ये घुसून आतल्या ईएसडी (स्टॅटिकपासून वाचवणाऱ्या) डायोडमधून व्हीडीडीआयओ रेलला वर ढकलत होती. चिप धड मेलेली नाही, धड जिवंत नाही. डिले १० मिनिटं दिला असता तरी ते उतरलं नसतं. पिन कंट्रोलमध्ये यूएआरटीच्या पिनांची एक स्लीप स्टेट लिहिली, टीएक्स आणि आरटीएस दोन्ही पुलडाऊनसह इनपुट, बंद करताना आधी ती स्टेट मग रेल, आणि झालं. एकूण बदल दहाबारा ओळींचा.

तर चिप "बंद" म्हणजे तिच्याकडे जाणारी प्रत्येक वायर बंद, नुसता एनेबल पिन नाही. एसडीआयओचे पुलअप पण याच यादीत धर, ते व्हीक्यूएमएमसीवर (एसडीआयओ लाइनींच्या सप्लायवर) असतील तर ती रेल कधी जाते ते बघ.

आता डिझाइन. लिनक्समध्ये याचा इतिहास थोडा वेडावाकडा आहे. आधी लोक एनेबल पिनलाच फिक्स्ड रेग्युलेटर म्हणून दाखवायचे आणि एमएमसी होस्टला (एसडीआयओ चालवणाऱ्या कंट्रोलरला) व्हीएमएमसी (कार्डाचा सप्लाय) म्हणून जोडायचे, टीआयच्या डब्ल्यूएल१२ वगैरे चिपांच्या जुन्या डिव्हाइस ट्रीत अजून दिसेल, स्टार्टअप डिले ७०००० मायक्रोसेकंद लिहिलेला. खोटं आहे पण चालायचं. मग २०१५ मध्ये ४.० कर्नलमध्ये उल्फ हॅन्सनने एमएमसी-पॉवरसेक आणलं. होस्टच्या नोडवरून (डिव्हाइस ट्रीतल्या नोंदीवरून) या पॉवरसेककडे बोट दाखवायचं, त्यात रीसेट लाइन, बाहेरचा क्लॉक, चालू केल्यानंतरचा डिले आणि बंद केल्यानंतरचा डिले लिहायचा. एमएमसी कोअर स्वतः क्रम पाळतं: क्लॉक चालू, लाइन रीसेटमध्ये धरलेली, मग रेल वर, मग लाइन सोड, थांब, मग बस स्कॅन. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे, एक ओळ सी कोड न लिहिता.

निम्मं यासाठी म्हटलं की एमएमसी-पॉवरसेकला ब्लूटूथ नावाचा प्राणी माहीतच नाही. ब्लूटूथ यूएआरटीवर आहे, त्याचा ड्रायव्हर सर्डेव्हवरून येतो (सर्डेव्ह म्हणजे यूएआरटीवरच्या डिव्हाइसांसाठीची कर्नलची सोय, २०१७ पासून आहे, त्याआधी यूजरस्पेसमधून अटॅच करावं लागायचं, ते दिवस आठवले तरी अंगावर काटा येतो). तुझं वायफाय बंद केल्यावर ब्लूटूथ जातं त्याचं कारण मला जवळपास नक्की वाटतं: व्हीबॅटची रेल फक्त एमएमसी होस्टच्या व्हीएमएमसीमध्ये लिहिली असणार आणि ब्लूटूथच्या नोडमध्ये काहीच नसणार. रेग्युलेटर फ्रेमवर्क मोजणी ठेवतं, किती जणांनी चालू मागितलंय. तुझ्या बाबतीत एकानेच मागितलंय. वायफायने सोडलं की आकडा शून्य, रेल बंद, ब्लूटूथ बिचारं फुकट्यासारखं दुसऱ्याच्या दिव्यात अभ्यास करत होतं, ते अंधारात. कधीकधीच का जातं, तर कधी नुसता इंटरफेस डाऊन होतो आणि कधी होस्ट खरोखर कार्डाची पॉवर काढतो.

उपाय: ब्लूटूथच्या नोडमध्ये व्हीबॅट-सप्लाय आणि व्हीडीडीआयओ-सप्लाय लिही, त्याच रेग्युलेटरकडे बोट दाखवून. एलपीओ क्लॉक (तोच ३२.७६८ किलोहर्ट्झचा) बाहेरून येत असेल तर तोही दोन्हीकडे लिही, एमएमसी-पॉवरसेकमध्ये आणि ब्लूटूथमध्ये, क्लॉकचीपण मोजणी होते. शटडाऊन जीपीआयओ म्हणजे बीटी-रेग-ऑन. या घराण्यात दोन्ही रेग-ऑन पिना आत ऑर केलेल्या असतात, कोणतीही एक वर असली की चिपचे आतले रेग्युलेटर चालू राहतात, त्यामुळे दोन ड्रायव्हर एकमेकांना न विचारता आपापली पिन हलवू शकतात. चिपवाल्यांनी आपल्यावर केलेला उपकार आहे हा. फक्त तो १० मिलिसेकंदांचा नियम दोघांमध्ये मिळून आहे आणि तो असा वाटून लिहिता येत नाही, पण दोन्ही बाजूंना बंद केल्यावरचा डिले टाकला तर बहुतेक बोर्डांना पुरतं.

जिथे पुरत नाही तिथलं उदाहरण म्हणजे क्वालकॉमच्या पीसीआयवरच्या चिपा. क्यूसीए६३९० घे. वायफाय पीसीआयवर, ब्लूटूथ यूएआरटीवर, सात-आठ सप्लाय, आणि वर अट अशी की डब्ल्यूलॅन-एनेबल आणि बीटी-एनेबल यांच्यामध्ये किमान १०० मिलिसेकंदांचं अंतर हवं. आता दोन स्वतंत्र ड्रायव्हर आहेत, एक दुसऱ्याला ओळखत नाही, दोघंही बूटच्या वेळी समांतर प्रोब होतात. हे अंतर पाळायचं कोणी? वायफाय ड्रायव्हरने ब्लूटूथचा जीपीआयओ बघायचा? दोघांनी एकच जीपीआयओ मागितला तर दुसऱ्याला बिझी मिळतं, मग लोक नॉन-एक्सक्लूझिव्ह फ्लॅग टाकून दोघांना देतात आणि मग कोण कधी लो करेल देवाला ठाऊक.

यावर बरीच वर्षं वाद झाले, प्रस्ताव आले आणि पडले, आणि शेवटी बार्तोश गोवाशेव्स्कीचं पॉवर सिक्वेन्सिंग सबसिस्टम सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.११ कर्नलमध्ये गेलं. त्यातली मला आवडलेली गोष्ट कोड नाही, मांडणी आहे. त्यांनी मान्य केलं की चिपच्या आत वायफाय आणि ब्लूटूथ यांच्याशिवाय तिसरा एक जण आहे, पीएमयू, जो बाहेरचे सप्लाय घेतो आणि आत दोघांना वाटतो. मग त्याला डिव्हाइस ट्रीत स्वतःचा नोड दिला. बाहेरचे सगळे सप्लाय, क्लॉक आणि दोन्ही एनेबल लाइनी त्याच्या नावावर. वायफाय आणि ब्लूटूथचे नोड त्याच्याकडून रेल घेतात. दोन्ही बाजूंनी फक्त "मला माझं टार्गेट (वायफाय किंवा ब्लूटूथ) दे, चालू कर" एवढंच म्हणायचं, आणि आतमध्ये रेल, क्लॉक असे जे सामायिक टप्पे आहेत त्यांची मोजणी तो ठेवतो, दोन एनेबलमधलं अंतर तोच पाळतो, कारण कुलूप एकाच्याच हातात आहे. एकत्र कुटुंबात किराण्याचा हिशोब एकाकडेच असतो तसं.

पीसीआयचा कोंबडी-अंड्याचा भाग त्याच रिलीजमध्ये पीसीआय पॉवर कंट्रोलने सोडवला. पोर्टखालच्या नोडसाठी आधी एक प्लॅटफॉर्म डिव्हाइस उभा राहतो, तो पॉवर देतो, मग बस पुन्हा स्कॅन होते आणि खरा वायफाय ड्रायव्हर नेहमीसारखा येतो, त्याला यातलं काही माहीत असायची गरजच नाही. तुझं एसडीआयओ आहे म्हणून तुला हे लागणार नाही, पण पुढचा बोर्ड पीसीआयवाला आला तर स्वतःचा हॅक लिहायच्या आधी हे बघ. एका व्हेंडरच्या कर्नलमध्ये मी ही सगळी पॉवर आरएफ-किलच्या (रेडिओ बंद-चालू करायच्या स्विचच्या) ड्रायव्हरमधून चालवलेली बघितलीये, मधे एक्सपोर्ट केलेली ग्लोबल फंक्शनं आणि तीन सेकंदांची झोप, आणि वर कॉमेंट "डू नॉट रिमूव्ह". काढून बघितली. खरंच बंद पडलं.

स्वतः सिक्वेन्स ड्रायव्हर लिहायची वेळ आलीच तर काही गोष्टी ज्यात माझे हात पोळलेत. पोलॅरिटी. डिव्हाइस ट्रीत लाइन ॲक्टिव्ह-लो (खाली असताना लागू) लिहिली की कोडमध्ये १ म्हणजे असर्ट (लाइन लागू), व्होल्टेज नाही. रेग-ऑन पिन एमएमसी-पॉवरसेकमध्ये रीसेट म्हणून लिहायची तर ॲक्टिव्ह-लोच लिहावी लागते, नाव "ऑन" आहे म्हणून लोक ॲक्टिव्ह-हाय लिहितात आणि मग सगळं उलटं, चालू असताना बंद आणि बंद असताना चालू, आणि गंमत म्हणजे कधीकधी स्कॅन जमूनपण जातं आणि महिनाभर कळत नाही. लाइन आयटूसी एक्सपांडरवर (जास्तीच्या पिना देणाऱ्या वेगळ्या चिपवर) असेल तर कॅन-स्लीपवालाच कॉल वापर. डिलेसाठी एमस्लीपला १ मिलिसेकंद सांगितलंस आणि कर्नलची टिक १०० हर्ट्झची असली तर २० मिलिसेकंदांपर्यंत जाऊ शकतात, छोट्या डिलेसाठी एफस्लीप वापर, तो स्वतः ठरवतो. आणि प्रत्येक डिलेवर डेटाशीटमधलं कारण कॉमेंटमध्ये लिही, कारण नसलेला डिले पुढचा माणूस एकतर काढतो किंवा दुप्पट करतो.

पॉवर-अप मधेच फसला, समजा तिसरी रेल आलीच नाही, तर आधीच्या दोन उलट्या क्रमाने परत काढ, आणि ही वाट मुद्दाम फॉल्ट घालून एकदा तरी चालवून बघ. रेग्युलेटर अजून आला नसेल तर डिफर (नंतर पुन्हा प्रयत्न कर असा कोड) परत कर, तो एरर म्हणून लॉगमध्ये ओरडू नकोस, डेव्ह-एर-प्रोब हे फंक्शन त्यासाठीच आहे. कोण कशासाठी अडकून बसलंय ते डीबगएफएसमधल्या डिव्हाइसेस-डिफर्ड फाइलमध्ये दिसतं. फर्मवेअरबद्दल एकच, पॉवर गेली की चिपमधलं फर्मवेअर गेलं. रिझ्यूमला पुन्हा भरायची तयारी ठेव किंवा वेक-ऑन-वायफाय हवं असेल तर कीप-पॉवर सांगून रेल जाऊच देऊ नकोस, अधलंमधलं काही नाही.

आता तू उद्या काय करायचंस. कोडला हात लावू नकोस. स्कोपचे चार प्रोब: व्हीबॅट, व्हीडीडीआयओ, डब्ल्यूएल-रेग-ऑन आणि यूएआरटीची एसओसीकडून जाणारी टीएक्स. ट्रिगर रेग-ऑनच्या खालच्या कडेवर, विंडो एक सेकंद, आणि रीबूट मार. ट्रिगर झालाच नाही तर लाइन खाली जातच नाहीये, मग स्किमॅटिकमध्ये तो पुलअप शोध आणि तोवर शटडाऊनच्या वेळी लाइन स्वतः लो करून बघ, पण कर्नल पॅनिक आणि वॉचडॉग रीसेटमध्ये शटडाऊन चालत नाही म्हणून बूटलोडरमध्येसुद्धा सगळ्यात आधी ती लो करून १० मिलिसेकंद धर, बूटलोडरला एवढंच काम दे. ट्रिगर झाला तर लो किती वेळ आहे ते मोज आणि त्या काळात व्हीडीडीआयओ कुठे बसतंय ते बघ. स्क्रीनचा फोटो टाक, फोनने काढलेला तिरका असला तरी चालेल, स्केल दिसू दे फक्त.